दहा रुपयांचं तिकीट आणि महिन्याचा पास : सिडकोतल्या एका बचत गटाचं प्रकरण

नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या बाजूला बायकांचा एक बचत गट आहे. बारा जणी. दरमहा प्रत्येकी 100 रुपये बचत, गटातल्या गटात कर्ज, व्याज महिन्याला शेकडा 2. त्यांचं रजिस्टर लिहायला मी जाते. 2024 च्या दिवाळीआधी गटातल्या एका ताईंनी 500 रुपयांचं तातडीचं कर्ज मागितलं. रजिस्टरमध्ये कर्जाच्या कारणाचा रकाना असतो. तिथे काय लिहू, असं विचारल्यावर त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "दंड लिहा. बसमधला."

शहर बसमध्ये कमी तिकिटावर प्रवास करताना त्या पकडल्या गेल्या होत्या. पुढचे काही महिने गटात या एका विषयावर जेवढी चर्चा झाली तेवढी दुसऱ्या कुठल्या कर्जावर झालेली मला आठवत नाही. ताईंच्या संमतीने ते सगळं इथे मांडते आहे. त्यांचं नाव देत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. ताईंनी केलं ते चुकीचं होतं, आणि दंड झाला तोही योग्य होता. पण तिकीट बुडवणं हा दानतीचा प्रश्न आहे आणि चेकर वाढवले की तो सुटेल, एवढ्यावर आपण थांबतो तेव्हा खरी गाठ तशीच राहते. ताईंना प्रवास महाग पडत होता, कारण त्यांना तो सुटा सुटा विकत घ्यावा लागत होता. हातात एकरकमी पैसे असणाऱ्याला तोच प्रवास बराच स्वस्तात मिळतो.

घर इकडे, काम तिकडे

ताई चाळिशीच्या आहेत. माहेर कळवण तालुक्यातलं. नवरा अंबड एमआयडीसीत कंत्राटी हेल्पर होता, पाठीच्या दुखण्याने वर्षभर घरी बसून आहे. मुलगा सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकतो. ताई गंगापूर रोडला, आनंदवलीच्या बाजूला चार घरची कामं करतात : तीन घरी धुणं-भांडी, एका घरी पोळ्या. चारही घरांचे मिळून महिन्याला 9,000 रुपये येतात.

सिडकोत राहून इतक्या लांब काम का? आधी त्या आनंदवली गावातच भाड्याच्या खोलीत राहायच्या. खोलीचं भाडं परवडेना, तेव्हा सिडकोत दिराच्या शेजारी खोली घेतली. कामाची घरं मात्र सोडली नाहीत. सात-आठ वर्षांचा विश्वास, वेळेवर पगार, दिवाळीला एक पगार जास्त. नवी घरं शोधायची तर पहिले दोन महिने अर्ध्या पैशांवर काढावे लागतात, हे त्यांना माहीत होतं. गेल्या काही वर्षांत नाशिकमध्ये अशी किती कुटुंबं घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला असा संसार करायला लागली आहेत, ते सकाळी सातच्या सुमारास सीबीएसच्या, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या, थांब्यावर उभं राहिलं की दिसतं.

पवननगरहून थेट गंगापूर रोडला जाणारी बस त्यांच्या वेळेला जुळत नसे. म्हणून एक बस सीबीएसपर्यंत आणि तिथून दुसरी आनंदवलीला. त्या वेळच्या दराने पहिल्या बसचे साधारण 20 रुपये, दुसरीचेही साधारण 20. जाऊन-येऊन 80. महिन्यात 26 दिवस काम धरलं तर 2,080 रुपये. पगाराचा चौथा हिस्सा बसमध्ये जात होता असं म्हणायला हरकत नाही.

यातली एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. बसचं भाडं टप्प्याटप्प्याने वाढतं. पहिला टप्पा किलोमीटरच्या मानाने सगळ्यात महाग, पुढचे टप्पे स्वस्त. एकाच बसमध्ये बसून तेवढंच अंतर गेलं असतं तर ताईंचं तिकीट 40 नव्हे, 30 च्या आसपास झालं असतं. सीबीएसला बस बदलली की शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू. म्हणजे बस बदलण्याचाच भुर्दंड एका बाजूला 10 रुपयांच्या घरात. ताई बुडवत होत्या तेही नेमके 10 रुपये. त्यांनी हा हिशेब करून काही केलं नव्हतं. पण मी कागदावर आकडे मांडले तेव्हा ही जुळणी माझ्या लक्षात आली, आणि त्यानंतर सगळ्या प्रकरणाकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले.

कसं चालायचं

सीबीएसला सकाळची गंगापूर रोडची बस लागली की कॉलेजची पोरं तिच्यावर तुटून पडतात. केटीएचएम कॉलेज येईपर्यंत आत पाय ठेवायला जागा नसते. कंडक्टर मागून तिकिटं देत देत येतो, अशोक स्तंभ मागे पडतो, केटीएचएमला अर्धी बस रिकामी होते, तेव्हा कुठे तो मधल्या सीटांपर्यंत पोचतो. ताई त्याला 10 ची नोट द्यायच्या आणि "गंगापूर नाका" म्हणायच्या. नाका आला की उतरायच्या नाहीत. विद्या विकास सर्कल, जेहान सर्कल ओलांडून आनंदवलीलाच उतरायच्या. नाक्यानंतर कंडक्टर सहसा पुढे दाराशी जाऊन बसायचा. कोणी विचारायचं नाही.

संध्याकाळी मात्र त्या पूर्ण तिकीट काढायच्या. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "संध्याकाळी बस मोकळी असते, कंडक्टर तोंडाकडे बघून तिकीट देतो. तोंडावर खोटं बोलवत नाही." गर्दीत नोट पुढे करून एका थांब्याचं नाव घेणं त्यांना खोटं बोलण्यासारखं वाटत नव्हतं. उतरायचं राहून गेलं, इतकंच. मला वाटतं तिकीट बुडवणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होत असावी. बिनतिकीट चढण्याची हिंमत फार थोड्यांकडे असते. कमी टप्प्याचं तिकीट मात्र सभ्य माणसालाही जमतं, कारण हातात तिकीट असतंच.

हे दोन-अडीच महिने चाललं. महिन्याला 260 रुपये वाचत होते. त्यांचं काय झालं, तेही मी विचारलं. मुलाच्या वर्कशॉपसाठी सेफ्टी बूट घ्यायचे होते, त्यात गेले.

तपासणी

ज्या दिवशी पकडल्या गेल्या त्या दिवशी जेहान सर्कलच्या थांब्यावर दोन तपासनीस चढले, एक पुढच्या दाराने आणि एक मागच्या. ताईंनी मुठीतलं तिकीट दाखवलं. तपासनिसाने ते उलटं-सुलटं करून वाचलं.

"ताई, हे गंगापूर नाक्यापर्यंतचंय. तुम्ही कुठे उतरणार?"

"आनंदवली."

"मग आनंदवलीचं का नाही काढलं?"

"विसरले, साहेब."

तपासनिसाने आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. हे ताईंनी मला दोनदा सांगितलं, म्हणून आवर्जून लिहिते आहे. दंड भरावा लागेल एवढंच तो म्हणाला. पर्समध्ये 140 रुपये होते. त्यांनी पोळ्यांच्या घरच्या बाईंना फोन लावला. त्या घरातला मुलगा आनंदवलीच्या थांब्यावर पैसे घेऊन आला. दंडाची पावती झाली. ताईंची दीड-दोन दिवसांची कमाई गेली होती, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पैसे का हवेत ते त्या बाईंना कळलं होतं.

कंडक्टर पंचविशीचा मुलगा. तपासनिसांनी त्याचं मशीन घेऊन आकडे पाहिले, किती तिकिटं, किती माणसं, आणि त्याच्याकडूनही काहीतरी लिहून घेतलं. उतरताना तो ताईंना म्हणाला, "मावशी, तुमच्यामुळे मला पण ऐकून घ्यावं लागलं." ताईंना दंडापेक्षा हे वाक्य जास्त लागलं. पोरगा रोजचा होता. नमस्कार-चमत्कार होता.

ते तिकीट ताईंनी जपून ठेवलं होतं, मला दाखवलं. बोटभर रुंदीची कागदाची पट्टी. वर मार्ग, मग कुठून आणि कुठपर्यंत, वेळ, रक्कम. यंत्रातून उष्णतेने छापलेली अक्षरं महिन्याभरात फिकी पडतात, पण "गंगापूर नाका" अजून वाचता येत होतं. ताईंना वाटत होतं की तिकीट म्हणजे पैसे दिल्याची खूण. खरं तर या पट्टीवर प्रवासाचा पूर्ण करार असतो. कुठून कुठपर्यंत, ते त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि त्या थांब्यानंतर तिकिटाची किंमत संपते.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 124 प्रमाणे योग्य तिकीट किंवा पास असल्याशिवाय बसमध्ये प्रवास करता येत नाही. कलम 178 प्रमाणे तसा प्रवास करणाऱ्याला किंवा मागितल्यावर तिकीट न दाखवणाऱ्याला 500 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कलमात कंडक्टरसाठीही तरतूद आहे : भाडं घेऊन तिकीट न देणं, कमी रकमेचं तिकीट देणं, तिकीट तपासायला हयगय करणं, यांसाठी त्यालाही 500 रुपयांपर्यंत दंड. त्या पोराची अडचण यावरून समजते. गर्दीत नोट घेऊन दिलेलं प्रत्येक तिकीट त्याच्या अंगावर येऊ शकतं.

पैसे नेमके कोणाचे बुडाले

गटात हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला. "सरकारचे बुडाले, आपलं काय," असं एकीने म्हटलं. मला ते पटलं नाही, म्हणून पुढच्या बैठकीला मी थोडी माहिती काढून गेले.

नाशिकमध्ये शहर बस पूर्वी एसटी महामंडळ चालवायचं. गाड्या कमी कमी होत गेल्या आणि शालिमार, द्वारका, नाशिकरोड अशा मार्गांवर शेअर रिक्षांनी जागा घेतली. 8 जुलै 2021 पासून महापालिकेने स्वतःची कंपनी काढून बससेवा सुरू केली. रचना अशी की गाड्या आणि चालक ठेकेदाराचे. ठेकेदाराला पैसे मिळतात ते गाडी किती किलोमीटर धावली त्यावर. कंडक्टर वेगळ्या ठेक्यावर. तिकिटाचे पैसे महापालिकेच्या कंपनीकडे. तिकिटांतून खर्च निघत नाही तेव्हा तूट महापालिकेच्या तिजोरीतून भरायची.

शेअर रिक्षाशी ताडून पाहिलं की यातली खोच कळते. रिक्षात कोणी पैसे बुडवत नाही, कारण पैसे ज्याचे तो समोर हँडल धरून बसलेला असतो. बसमध्ये तसं नाही. चालकाला पगार, ठेकेदाराला किलोमीटरचा दर, कंडक्टरला रोजंदारी. बस भरून गेली काय, रिकामी गेली काय, बसमध्ये हजर असलेल्यांपैकी कोणाच्याच खिशात त्याने फरक पडत नाही. ज्यांचे पैसे बुडतात ते बसमध्ये नसतात, आणि ते म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी भरणारे आपण सगळे. ही रचना मुळातच वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ठेकेदाराला तिकिटांतून कमवायला सांगितलं तर तो फायद्याच्या मार्गावरच गाड्या पळवेल, आणि कमी गर्दीच्या मार्गांवरच्या फेऱ्या आधी बंद होतील. पण या रचनेत तिकीट तपासण्याचं काम कोणाच्याही आपसूक स्वार्थाचं राहत नाही, ते वेगळं करून घ्यावं लागतं, हे मान्य केलं पाहिजे.

दुसरं म्हणजे नोंद. कुठल्या मार्गावर कोणत्या वेळेला किती माणसं जातात, हे तिकिटाच्या यंत्रातूनच कळतं. ताई रोज आनंदवलीला उतरत होत्या आणि यंत्रात रोज गंगापूर नाक्याला उतरत होत्या. अशा पंधरा-वीस जणी असतील तर नाक्याच्या पुढे सकाळी माणसंच नसतात, असं कागदावर दिसणार. मग फेऱ्या कमी करायची वेळ आली की कात्री कुठे लागणार? दिल्लीत 29 ऑक्टोबर 2019 पासून बायकांना बस मोफत झाली, तरी त्यांना गुलाबी तिकीट देत होते. कर्नाटकातही 11 जून 2023 पासून मोफत प्रवास सुरू झाला, तिथे शून्य रकमेचं तिकीट मिळतं. पैसे घ्यायचे नसतानाही तिकीट द्यायचं, कारण सरकारकडून भरपाई त्या मोजणीवर मिळते. हे सांगितल्यावर बैठकीतल्या भाजीवाल्या आजी म्हणाल्या, "म्हणजे तिकीट नाही काढलं तर आपण त्या गाडीत नव्हतोच." आजींनी एका वाक्यात ते नीट सांगितलं.

बैठकीतली भांडणं

500 रुपयांच्या कर्जावर सरळ मतदान झालं असतं तर बहुधा नामंजूर झालं असतं. भाजीवाल्या आजींचा विरोध सगळ्यात कडक. त्या रोज पहाटे पंचवटीत मार्केट यार्डात जातात. "मी पाटी घेऊन चढते, पाटीचंसुद्धा तिकीट काढते. आम्ही काय खुळे म्हणून काढतो का? हिच्या दंडाला गटाचे पैसे द्यायचे तर उद्या माझा दंडही गटानेच भरावा."

त्यांचं म्हणणं मला आजही बिनतोड वाटतं. तिकीट बुडवणाऱ्याबद्दल आपण सहानुभूतीने बोलतो तेव्हा तितक्याच गरिबीत राहून रोज पूर्ण तिकीट काढणारी बाई आपल्या डोळ्यांसमोर नसते. तिच्यावर होणारा अन्याय सरकारवरच्या अन्यायापेक्षा मोठा आहे. भाडं वाढवायची वेळ येते तेव्हा ती वाढ तिलाही भरावी लागते.

पण मग आणखी दोघी बोलल्या. एक म्हणाली, "मी पण कधी कधी त्रिमूर्ती चौकाचं काढून पुढे जाते." दुसरी मोठ्या मुलाला अजून पाचवीतला सांगून अर्धं तिकीट काढत होती. बैठक एकदम शांत झाली. मग अध्यक्षाबाईंनी जो प्रश्न विचारला त्यावरून पुढचं सगळं घडलं : "तू पास का नाही काढत?"

पास का नाही

महिन्याचा पास ताईंच्या साधारण पंधरा दिवसांच्या तिकिटांत बसत होता. म्हणजे 1,200 रुपयांच्या आसपास. तिकिटांवर जात होते 2,080. पास असता तर महिन्याला जवळपास 880 रुपये वाचले असते, आणि बस बदलण्याचा भुर्दंडही आपोआप गेला असता. चोरून वाचत होते 260. सरळ मार्गाने तिपटीहून जास्त वाचणार होते.

ताईंना हे ठाऊक होतं. पासाची रक्कम त्यांना तोंडपाठ होती. अडचण हातात पैसे येण्याच्या वेळेची होती. चार घरांचे पगार वेगवेगळ्या तारखांना येतात : एक 1 ला, दोन 5 ते 7 च्या दरम्यान, एक 10 नंतर. खोलीचं भाडं 1 ला. किराणावाल्याची उधारी पहिला पगार आला की लगेच, नाहीतर पुढचा माल नाही. नवऱ्याची औषधं. 1,200 रुपये एका जागी, मोकळे, असे महिन्यात एकदाही हातात राहत नाहीत. 80 रुपये मात्र रोज कसेतरी निघतात. शिवाय पास काढायला केंद्रावर जायचं ते कामाच्या वेळेत, फोटो आणि आधार घेऊन, म्हणजे एका घरची दांडी. मोबाइलवर काढायचा तर फोन मुलाकडे.

ही अडचण फक्त बसची नाही. थोडं थोडं विकत घेणाऱ्याला तीच वस्तू बऱ्याचदा महाग पडते, तसंच हे आहे. पण बसच्या बाबतीत ते जास्त बोचतं, कारण ही सेवा सार्वजनिक आहे, आणि सवलत तिथे ज्याला गरज कमी त्याच्याच पदरात पडते. एसटीत 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. ताई कळवणला माहेरी जातात तेव्हा अर्ध्या भाड्यात जातात. रोज कामाला जायच्या शहर बसमध्ये मात्र पूर्ण, कारण ती सवलत राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांपुरती. माहेरी वर्षातून तीनदा जायचं आणि कामाला महिन्यातून 26 दिवस. मदत कुठे हवी होती हे ताईंना विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं.

दंडाच्या बाजूनेही हिशेब करून पाहिला. एका वेळी 10 रुपये वाचतात आणि पकडलं तर 500 जातात, म्हणजे पन्नास खेपांत एकदा पकडलं तरी वाचलेलं सगळं साफ. ताई दोन-अडीच महिन्यांत जवळपास तेवढ्याच खेपांनी सापडल्या. एकूण हाती काही लागलं नाही. तरी हा हिशेब माणसाला अडवत नाही, कारण आजचे 10 रुपये आज लागतात आणि 500 कधीतरी जातील. ज्याच्याकडे महिन्याचं नियोजन करण्याइतके पैसे आहेत त्याला दंडाची भीती जास्त अडवते. रोजच्या रोज जगणाऱ्याला कमी अडवते, आणि दंड झाला तर तो त्याला कर्जात ढकलतो. दंड दुप्पट करा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

गटाने काय केलं

500 चं कर्ज मंजूर झालं, पण आजींच्या अटीवर : दंडासाठी म्हणून नाही, घरखर्चासाठी म्हणून, नेहमीच्या व्याजाने, आणि पुन्हा असं झालं तर गट एक पैसा देणार नाही. पोळ्यांच्या घरच्या बाईंचे पैसे त्यातून परत गेले.

दुसरा ठराव महत्त्वाचा. ज्या सभासदाला रोजचा बसप्रवास आहे तिला पासापुरती उचल गटातून द्यायची. 1,200 रुपये महिन्याच्या सुरुवातीला, आणि दर आठवड्याला 300 रुपयांनी परत. व्याज 24 रुपये, शेवटच्या हप्त्याबरोबर. उचल रोख हातात द्यायची नाही, अध्यक्षाबाईंची सून पास काढून आणणार. तिचं ऑफिस पास केंद्राच्या जवळ असल्यामुळे ताईंची दांडीही वाचली. पहिल्या महिन्यात पाच जणींनी उचल घेतली. 6,000 रुपये गटाच्या शिलकेतून गेले आणि चार आठवड्यांत परत आले, एक हप्ता दहा दिवस उशिरा.

ताईंच्या बाबतीत परिणाम सरळ दिसला. प्रवासाचा खर्च 2,080 वरून 1,224 वर आला. आठवड्याला 300 देणं त्यांना जमतं, कारण आधी आठवड्याला 480 जातच होते. आता त्या कधीकधी दुपारी मधल्या वेळेत बसने अशोक स्तंभापर्यंत जाऊन घरची कामं उरकतात. पास असल्यावर जास्तीच्या खेपेला पैसे पडत नाहीत, हा फायदा कोणी धरलाच नव्हता. त्या कंडक्टर पोराशी बोलणं पुन्हा सुरू झालं. त्याला त्या लांबूनच पास दाखवतात आणि तो बघितल्याशिवाय पुढे जात नाही, हे त्यांना आवडतं.

सगळ्यांचं असं जमलं नाही. एकीच्या घरमालकीणबाई पंधरा दिवस परदेशी गेल्या, काम बंद, पास तसाच पडून. तिला 1,224 रुपये भरून जेमतेम दहा दिवसांचा प्रवास मिळाला. पाच जणींतल्या आणखी एकीचं काम आठवड्यातून चारच दिवस असतं, आणि तिचा प्रवास एकाच बसचा. तिला सुटं तिकीटच स्वस्त पडतं, हे एका महिन्याने कळलं. आता उचल देण्याआधी आम्ही रजिस्टरच्या मागच्या पानावर साधं गणित मांडतो : एका दिवसाचं जाण्या-येण्याचं भाडं किती, पासाच्या रकमेला त्याने भागलं की किती दिवस येतात, आणि त्या महिन्यात तेवढ्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवस जास्त काम नक्की आहे का. सणाचा महिना असेल, गावी जाणं असेल तर उचल नाही.

1 जून 2025 पासून पुण्यात पीएमपीचे, म्हणजे तिथल्या शहर बसचे, दर वाढले तेव्हा गटात पुन्हा चर्चा झाली. एकीची बहीण तिकडे असते. पुण्यात रोजचा पास 40 वरून 70 झाला आणि महिन्याचा 900 वरून 1,500. आमचं गणित लावून पाहिलं. 900 चा पास रोजच्या पासाच्या साडेबावीस दिवसांत वसूल होत होता, 1,500 चा साडेएकवीस दिवसांत. म्हणजे कागदावर महिन्याचा पास किंचित जास्त फायद्याचा झाला. पण एकदम काढायची रक्कम 600 रुपयांनी वाढली. बहिणीने पास सोडला आणि रोजच्या तिकिटांवर गेली. दर ठरवणाऱ्यांच्या तक्त्यात ही गोष्ट दिसणार नाही. प्रवासी तोच, बस तीच, फक्त तो पासवाल्यांतून सुट्या तिकिटवाल्यांत गेला, आणि सुट्या तिकिटवाल्यांतच बुडवण्याचा मोह असतो.

आता काय मागायचं

गटाने मागण्यांचा एक कागद तयार केला आहे. लिहिला मी, पण मुद्दे बायकांचे.

पहिली मागणी आठवड्याच्या पासाची. महिन्याच्या पासाला चारने भागून येईल त्याहून थोडी जास्त किंमत चालेल. गटाचं व्याज भरूनही परवडतं, तर थोडं जास्त का परवडणार नाही? दुसरी, ठरावीक वेळेत दुसरी बस पकडली तर तिकीट पुढे चालावं, शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होऊ नये. दीड तास पुरेसा आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. यंत्रावर वेळ छापलेलीच असते, तेव्हा तपासणं अवघड नाही. तिसरी मागणी भाजीवाल्या आजींची, आणि ती त्यांनी शब्दशः लिहायला लावली : सकाळच्या गर्दीच्या गाड्यांना सीबीएसच्या थांब्यावरच खाली उभं राहून तिकीट देणारा माणूस ठेवा, म्हणजे बसमध्ये चढतानाच सगळ्यांच्या हातात पूर्ण तिकीट असेल, आणि कंडक्टरला केटीएचएमपर्यंत माणसं तुडवत यावं लागणार नाही.

मोफत प्रवासाची मागणी करायची का, यावर मतं फुटली. सात जणी हो म्हणाल्या, पाच नाही. नाही म्हणणाऱ्यांत ताई होत्या. त्यांचं म्हणणं, फुकट झालं की गाड्या कमी होतील आणि जी येईल तिच्यात उभं राहायलाही जागा मिळणार नाही. गाडी वेळेवर येऊ दे, पैसे मी देते. माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. मोफत करायचं तर प्रत्येक खेपेची भरपाई महापालिकेला वेळेवर मिळाली पाहिजे, आणि ती मोजायला प्रत्येकीच्या हातात तिकीट हवंच. तेवढी सोय नसेल तर आठवड्याचा पास आधी येऊ दे, या बाजूची मी आहे. म्हणून कागदावर मोफतची मागणी घातलेली नाही.

या महिन्यात सहा जणींनी उचल मागितली आहे. त्यांतल्या दोघी नवीन, दोघीही अंबडच्या एका पॅकिंग युनिटमध्ये शिफ्टला जाणाऱ्या. शिफ्ट दर आठवड्याला बदलते आणि रात्रपाळीला बस नसते, तेव्हा त्या आठवड्यात रिक्षा. महिन्यात दोनच आठवडे बस मिळणार असेल तर पास परवडत नाही. त्यांचं मागच्या पानावरचं गणित मी करून दिलं आणि उचल देऊ नये असं सुचवलं. आजींना ते पटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशीही त्या बसने बाजारात जातात, नणंदेकडे जातात, तेही धरा, असं त्या म्हणतात. पुढच्या बैठकीत दोघींकडून महिन्याभराच्या सगळ्या खेपा लिहून मागवल्या आहेत.